डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांची भाषा : घराचे आणि विहाराचे काम

आपल्या संस्थांच्या कार्यात शिक्षणाला पहिले स्थान आहे. वसतिगृहे, अभ्यासिका, वह्या-पुस्तकांचे वाटप, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार हे सर्व आपण नेमाने करतो आणि ते केलेच पाहिजे. परंतु गुणवंतांच्या यादीत ज्याचे नाव कधीच येणार नाही असे आपण मनोमन धरून चालतो, त्या बालकाच्या शिक्षणाचा विचार आपल्या स्मरणिकांतून क्वचितच होतो. प्रस्तुत लेख अशा बालकांपैकी एका गटाविषयी, म्हणजे डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलामुलींविषयी आहे. त्यातही जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंत त्यांच्या बोलण्यासाठी आणि भाषेसाठी घरात व विहारात काय करता येते, एवढाच विषय घेतला आहे.

विषयात शिरण्यापूर्वी दोन शब्द वेगळे करून घेऊ. वाचा म्हणजे तोंडाने ध्वनी काढून बोलणे. भाषा म्हणजे दुसऱ्याचा अर्थ समजणे आणि आपला अर्थ दुसऱ्यापर्यंत पोचविणे. मग तो तोंडाने पोचो, हाताने पोचो की चित्राने. डाऊन सिंड्रोममध्ये या दोहोंची वाढ सारख्या वेगाने होत नाही. मुलाला जेवढे समजते त्यामानाने त्याला बोलता फार कमी येते. हे अंतर लक्षात घेतले नाही, तर घरातील माणसे त्याची समज त्याच्या बोलण्यावरून मोजतात. त्याला काही कळत नाही असे ठरते, मग त्याच्याशी बोलणेच कमी होते, आणि बोलणे कमी झाले की जे कळले असते तेही कळेनासे होते. नुकसानीची ही साखळी घरातच तयार होते आणि ती घरातच तोडता येते.

कारण आणि गैरसमज

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत साधारणपणे ४६ गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त असते, म्हणजे एकूण ४७. सुमारे ९५ टक्के मुलांत हाच प्रकार आढळतो. उरलेल्यांपैकी काहींत जादा गुणसूत्राचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, तर काहींत केवळ काही पेशींतच जादा गुणसूत्र असते. चिकटलेल्या प्रकारात आईवडिलांचीही गुणसूत्र तपासणी करतात; कारण कधी कधी तो वारशाने येतो व पुढील अपत्याच्या दृष्टीने ती माहिती लागते. या अवस्थेचे वर्णन इंग्लंडचे डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली केले. तिच्यामागील गुणसूत्राचे कारण १९५९ साली पॅरिस येथे जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युरपँ यांच्या कामातून पुढे आले. डॉ. डाऊन यांनी या मुलांना एका मानववंशाच्या नावावरून 'मंगोल' म्हटले होते. १९६१ साली काही शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून त्यास हरकत घेतली आणि १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही तो शब्द सोडला. आपल्याकडे मात्र जुन्या केस-पेपरांवर आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो कित्येक वर्षे टिकून राहिला. सम्यक वाचेचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी तो उच्चारू नये. 'मंद', 'अर्धवट' हे शब्दही त्याच टोपलीतले होत.

साधारण सातशे ते हजार जन्मांमागे असे एक बालक जन्मास येते. जात, धर्म, श्रीमंती, आईचा आहार किंवा ग्रहण पाहणे यांचा त्याच्याशी संबंध नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे. पण तरुण मातांचीही अशी मुले पुष्कळ असतात. तेव्हा आईला बोल लावण्याचे कारण नाही.

याहून खोलवर गेलेला गैरसमज पूर्वजन्मीच्या कर्माचा आहे. तो आपल्या घरांतून गेला असे कोणी समजू नये. सून माहेरी पाठविली जाते तेव्हा, किंवा पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत बसविले जाते तेव्हा, त्याच्या मुळाशी बहुधा हीच समजूत असते. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते हा सिद्धान्त स्पष्टपणे नाकारला आहे. माणसाच्या दैन्याचा दोष त्याच्याच माथी मारणारी ही शिकवण बुद्धाची असू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. जादा गुणसूत्र हे पेशी विभागताना घडलेले आहे. ते कोणाच्या पापाचे माप नव्हे.

आधी कान

बोलणे शिकण्याची वाट कानातून जाते. डाऊन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना लहान वयात कमी-अधिक ऐकू न येण्याचा त्रास होतो. त्यांची कानाची नळी अरुंद असते, कान व घसा यांना जोडणारी नलिका नीट उघडत नाही आणि मधल्या कानात चिकट द्रव साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुलाला आवाज अजिबात येत नाही असे नाही. उशीला कान लावून दुसऱ्या खोलीतले बोलणे ऐकावे तसे त्याला ऐकू येते, आणि तेही आज बरे तर उद्या वाईट. ताट पडल्यावर तो वळून पाहतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. ताटाचा आवाज आणि 'स', 'त', 'क' यांचा आवाज यांत केवढे अंतर आहे!

म्हणून जन्मानंतर लगेच, पुढे पहिली तीन-चार वर्षे दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा श्रवण तपासणी करून घ्यावी. लहान बाळांसाठी ओएई आणि बेरा या तपासण्या आहेत. त्यांत मुलाने उत्तर द्यावे लागत नाही. बेरा तर झोपेतच करतात. दोष आढळल्यास औषध, पडद्यात बसविण्याची बारीक नळी किंवा श्रवणयंत्र असे उपाय असतात. त्याबरोबरच थायरॉईडची रक्ततपासणी जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाने व पुढे दरवर्षी करावी. थायरॉईड कमी असेल तर मूल सुस्त राहते, शिकण्याचा वेग उतरतो, आणि घरचे म्हणतात, 'हे असेच असणार.' गोळीने सुधारणारी गोष्ट अशी वर्षानुवर्षे राहून जाते. डोळे आणि हृदय यांची तपासणी डॉक्टर सांगतातच. निम्म्या मुलांना हृदयाचा काही दोष असतो.

जिभेविषयी थोडेसे. 'याची जीभ मोठी आहे म्हणून बोलत नाही' असे सर्रास म्हणतात. वस्तुतः जबडा आणि टाळू यांची पोकळी लहान असते व स्नायूंत ढिलेपणा असतो, त्यामुळे जीभ बाहेर येते. १९८० च्या दशकात काही देशांत जीभ लहान करण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. नंतर तपासून पाहता उच्चार सुधारल्याचे दिसले नाही. शिट्टी वाजवणे, फुगे फुगवणे, मेणबत्ती विझवणे या व्यायामांवरही पालकांचा फार भरवसा असतो. खेळ म्हणून ते चांगलेच आहेत. पण बोलण्याचे ध्वनी हे ध्वनी काढूनच येतात, फुंकून येत नाहीत. 'प', 'ब', 'म' हे ओठांवर दिसणारे ध्वनी आहेत, त्यांनी सुरुवात करावी. मुलाला आपल्या चेहऱ्यासमोर घेऊन 'बाबाबा', 'मामामा' असे त्याच्याशी आलटून पालटून बोलावे. 'र', 'ळ', 'श' इतर मुलांनाही उशिराच येतात. त्यासाठी चार वर्षांच्या मुलाला छळू नये.

चूळपन्थकाचे फडके

पालकांची नेहमीची तक्रार असते, 'सांगितलेले लक्षात राहत नाही.' ही तक्रार खरी आहे, पण अर्धी. ऐकलेले शब्द क्षणभर मनात धरून ठेवण्याची जी शक्ती असते, ती या मुलांत विशेष कमकुवत असते. पाहिलेले लक्षात ठेवण्याची शक्ती त्यामानाने बरी असते. अ‍ॅलन बॅडली आणि ख्रिस्तोफर जॅरल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हा फरक दाखवून दिला आणि पुढील अभ्यासांतूनही तो दिसून आला. म्हणजे ज्या दाराने आपण भाषा आत घालू पाहतो ते दार अरुंद आहे आणि शेजारचे दार त्याहून रुंद आहे.

येथे धम्मपदाच्या अट्ठकथेतील चूळपन्थकाची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. त्यांचे थोरले बंधू महापन्थक यांनी त्यांना एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने झाले तरी ती पाठ होईना. पुढचा शब्द आला की मागचा जाई. 'तू संघाच्या उपयोगाचा नाहीस' असे म्हणून भावाने त्यांना निघून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी त्यांना परत आणले आणि दुसरी, सोपी गाथा दिली नाही. त्यांच्या हाती एक स्वच्छ पांढरे फडके दिले व ते हाताने चोळीत बसावयास सांगितले. फडके मळत गेले. जे कानाने चार महिन्यांत शिरले नव्हते ते हाताने आणि डोळ्यांनी उमगले, आणि ते अर्हत झाले. थेरगाथेत त्यांच्या नावावर गाथा आहेत. अट्ठकथाकारांनी त्यांच्या मंदपणाला पूर्वजन्मीचे एक कारण जोडले आहे. ते बाबासाहेबांच्या विवेचनाशी जुळत नाही. ते मी बाजूला ठेवतो. त्यांना अमुक अवस्था होती असेही सुचवावयाचे नाही. शिक्षकाने काय केले, एवढेच आपल्या कामाचे आहे. शिष्याला न बदलता त्यांनी शिकविण्याची वाट बदलली.

हाताची भाषा

ही दुसरी वाट म्हणजे खुणा. मूल आठ-दहा महिन्यांचे झाले, आपल्याकडे पाहू लागले, की रोजच्या आठ-दहा शब्दांबरोबर खूण करावयास सुरुवात करावी : दे, आणखी, संपले, पाणी, जेवण, झोप, ये, नको. खूण करताना शब्द मोठ्याने व स्पष्ट उच्चारावा. खूण मुकी नसावी. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात मार्गारेट वॉकर यांनी 'मकॅटन' ही पद्धती याच तत्त्वावर उभी केली. त्यात वाक्य बोलायचे पूर्ण, पण खूण करायची फक्त मुख्य शब्दाची. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ साली ३ हजार शब्दांचा कोश प्रथम काढला व नंतर तो वाढविला. त्यातील खुणा संगणकावर वा मोबाईलवर पाहता येतात. वाचा-उपचारतज्ज्ञ ज्या खुणा सांगतील त्याच घरातील सर्वांनी कराव्यात. आईची एक, आजीची दुसरी आणि अंगणवाडीच्या ताईंची तिसरी असे होऊ देऊ नये.

यावर घरोघर एकच शंका निघते. हाताने काम भागले तर तो तोंडाने बोलेल कशाला? शंका स्वाभाविक आहे, पण अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट सांगतात. खुणांनी बोलणे अडत नाही. या मुलांचा पहिला स्पष्ट शब्द बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, काहींचा त्यानंतर येतो. तोवर खुणेने त्याला मागता येते, नाकारता येते, बोलावता येते. शब्द तोंडात आला की बहुतेक मुले ती खूण आपण होऊन टाकून देतात. कारण उघड आहे, दोन्ही हातांत खेळणे असताना तोंडाने 'पाणी' म्हणणे सोपे! ज्यांना पुढेही बोलणे जड जाते त्यांच्यासाठी चित्रांची वही असते, आणि मोबाईलवर चित्र दाबताच शब्द ऐकू येईल अशीही सोय आज झाली आहे.

आपल्या घरातील मूल पहिली खूण बहुधा कोणती शिकते? हात जोडून किंवा हात उंचावून 'जयभीम' करणे. शब्द येण्याच्या कितीतरी आधी ते मूल जयभीम करते आणि समोरचा माणूस आनंदाने उत्तर देतो. एकाने करावयाचे, दुसऱ्याने उत्तर द्यावयाचे. संभाषण म्हणजे मुळात हेच होय. जो पालक म्हणतो की आमच्या बाळाला अजून भाषा नाही, त्याने या खुणेचा विचार करावा.

सूचींमध्ये 'नको' ही खूण पुष्कळदा शेवटी असते. माझ्या मते ती पहिल्या चारांत असावी. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, कारण आपल्या वतीने दुसरे बोलत होते आणि आपले म्हणणे कोणी विचारीत नव्हते. अशा समाजातील घराने आपल्याच मुलाच्या वतीने सर्व काही बोलून टाकावे, त्याला काय हवे-नको ते न विचारताच ठरवावे, हे शोभत नाही. 'नको' म्हणता आले की मूल ताट फेकत नाही, चावत नाही, अंग टाकून रडत नाही. ज्याला आपण हट्ट म्हणतो त्यातील बराचसा भाग न पोचलेले वाक्य असते.

रोजचे बोलणे

वाचा-उपचारतज्ज्ञाकडे मूल आठवड्यात फार तर तास-दोन तास जाते. बाकीचा सारा वेळ ते घरी असते. म्हणून उपचाराची खरी जागा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अंथरूण हीच आहे. आंघोळ घालताना 'हात', 'पाय', 'पाणी', 'संपले' हे शब्द रोज त्याच क्रमाने येतात. अशी पुनरावृत्ती कोणत्याही महागड्या खेळण्यात नाही.

पाहुणे आले की घराची परीक्षा सुरू होते. 'काका म्हण, म्हण ना काका! हे काय आहे? तो रंग कोणता?' मूल गोंधळून मान खाली घालते आणि आई ओशाळून म्हणते, 'एरवी म्हणतो हो.' असे प्रश्न विचारून भाषा येत नाही. मूल ज्याकडे पाहत आहे त्याविषयी आपण बोलावे. ते मांजराकडे पाहत असेल तर 'माऊ. माऊ बसली,' एवढेच. त्याने 'माऊ' म्हटले तर आपण एक शब्द पुढे जावे, 'माऊ गेली.' त्याने 'पोई' म्हटले तर चूक न काढता 'हो, पोळी. गरम पोळी,' असे म्हणून पोळी द्यावी. बरोबर शब्द त्याच्या कानी पडतो आणि बोलल्याचे फळही हाती येते.

आणि थांबावे. एवढी साधी, बिनखर्चाची गोष्ट घरातील मोठ्यांना सर्वांत कठीण जाते. प्रश्न किंवा वाक्य संपल्यावर मनात एक ते दहा आकडे मोजावेत. या मुलाला ऐकलेले समजून घेण्यास आणि तोंडाची हालचाल जुळविण्यास जास्त वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकतो, तेव्हा त्याचे अर्धे जुळलेले उत्तर मोडते. घरात मोठी बहीण असेल तर तीच त्याच्या वतीने उत्तर देते. तिला प्रेमाने सांगावे, 'ताई, त्याची पाळी आहे.' टी.व्ही. चालू असताना हे काही साधत नाही, कारण कमी ऐकू येणाऱ्या मुलाला गोंगाटातून एक आवाज निवडता येत नाही. मोबाईलवरील गाणी पाहून मूल शांत बसते हे खरे. पण मोबाईल त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही.

वाचनातून बोलणे

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की मूल आधी बोलते व मग वाचते. डाऊन सिंड्रोममध्ये हा क्रम उलटाही चालतो. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ येथे सू बकली या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या सुमारास या कामास आरंभ केला. लेस्ली डफेन नावाच्या एका पित्याने आपल्या मुलीला फार लहानपणीच शब्द वाचावयास शिकविले होते आणि त्यातून तिची भाषा वाढल्याचे त्यांनी कळविले होते. तेथून पुढे वाचन हे भाषा शिकविण्याचे साधन म्हणून वापरण्याची पद्धत रुळली.

पद्धत सोपी आहे. मुलाला पन्नासेक शब्द समजू लागले (बोलता येणे आवश्यक नाही) की साधारण अडीच-तीन वर्षांच्या सुमारास सुरुवात करावी. पुठ्ठ्याच्या कार्डांवर जाड, मोठ्या अक्षरांत आई, बाबा, पाणी, भाकरी, मुलाचे स्वतःचे नाव असे शब्द लिहावेत. प्रथम सारख्या कार्डावर सारखे कार्ड ठेवणे, मग 'पाणी कोणते? दे,' असे म्हटल्यावर ते निवडणे, आणि सर्वांत शेवटी ते पाहून सांगणे किंवा खूण करणे. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्द एकसंध दिसतो, हे आपल्या सोयीचे आहे. 'अ अननसाचा' येथून आरंभ करू नये. ज्या घरात भाकरी रोज दिसते आणि अननस वर्षातून एकदाही दिसत नाही, तेथे 'अननस' या शब्दाने मुलाच्या मनात काहीच उभे राहत नाही. अक्षरओळख पुढे होतेच.

मराठीच्या बाबतीत या पद्धतीचा आणखी एक उपयोग आहे. आपली भाषा शब्दांच्या शेपटीवर चालते. 'ला', 'ने', 'त' हे प्रत्यय आणि 'आला, आली, आले' हे फरक शब्दाच्या टोकाला, हलक्या आवाजात येतात. ज्याला कमी ऐकू येते आणि ऐकलेले टिकत नाही, त्याच्या पदरी ती टोके पडतच नाहीत. मग मूल पाच वर्षांचे झाले तरी 'बाबा ऑफिस' एवढेच म्हणते. 'बाबा ऑफिसला गेले' असे लिहून 'ला' हे अक्षर लाल शाईने काढले, तर जे ऐकू येत नव्हते ते दिसू लागते. ते वाक्य बोटाने दाखवीत रोज वाचावे. घरातील माणसांची छायाचित्रे चिकटवून शंभर पानी वहीत असे पुस्तक घरीच तयार होते : 'आजी विहारात गेली', 'दादा शाळेत आहे', 'मला भूक लागली'. बाजारातील कोणत्याही पुस्तकापेक्षा मूल हे पुस्तक अधिक वेळा मागते, कारण त्यात ते स्वतः आहे.

कोणत्या भाषेत बोलावे?

नोकरीनिमित्त शहरात आलेल्या कुटुंबांना पुष्कळदा सल्ला मिळतो, की या मुलाला दोन भाषांचा भार सोसणार नाही, घरात एकच आणि तीही इंग्रजी बोला. हा सल्ला बरोबर नाही. डाऊन सिंड्रोम असलेली मुले दोन भाषा शिकू शकतात आणि दुसऱ्या भाषेमुळे त्यांची पहिली भाषा मागे पडत नाही, असे २००५ पासूनच्या अभ्यासांत दिसून आले आहे. उलट ज्या भाषेत आईला स्वप्न पडते ती सोडून ती मोडक्या परक्या भाषेत बोलू लागली, की तिचे बोलणे आटते आणि मुलाला भाषाच कमी मिळते. आजी वऱ्हाडीत बोलत असेल तर वऱ्हाडीतच बोलू द्यावे. भगवंतांनी धम्म पंडितांच्या संस्कृतात न सांगता लोकांच्या बोलीत सांगितला, हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. तोच न्याय घरातील लहान मुलालाही लागू करावा.

विहार आणि संस्था

रविवारच्या बालसंस्कार वर्गात असे मूल आले तर त्याला पुढे, शिक्षकाचे तोंड दिसेल असे बसवावे. फुले वाटणे, पाण्याचे पेले देणे असे रोजचे एक काम त्याच्याकडे असावे, म्हणजे प्रत्येकाशी एक-दोन शब्दांची देवाणघेवाण होते. त्रिसरण-पंचशीलाचे सामुदायिक पठण त्याच्या फार उपयोगाचे आहे. शब्द तेच, चाल तीच, क्रम तोच, आणि सर्वांच्या आवाजात आपला अस्पष्ट आवाज मिसळण्याची भीती नाही. ओळीचा शेवटचा शब्द येण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहावे. पुष्कळ मुले तो शब्द पुरा करतात. अर्थ सर्व कळेल असे नव्हे, तो मोठ्यांना तरी कितीसा कळतो! जयंतीच्या दिवशी मात्र कर्ण्यांच्या भिंतीजवळ त्याला नेऊ नये.

संस्थेने करण्यासारखे काम पैशापेक्षा पायपिटीचे अधिक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत व शाळेत येऊन मुले तपासतात, आणि त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ठराविक प्रमाणावरील दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात उपचारपद्धतींचा खर्चही धरतात. हे सर्व मिळण्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र लागते. त्या रांगेत रोजंदारी बुडवून उभी राहणारी आई तिसऱ्या खेपेला थकते. तिच्याबरोबर जाणारा एक कार्यकर्ता, श्रवण तपासणीच्या प्रवासखर्चाचा छोटा निधी, आणि सुंदर अक्षर असलेले एखादे निवृत्त गुरुजी, जे शब्दांची कार्डे लिहून देतील, एवढे बहुतेक संस्थांच्या आवाक्यात आहे.

बारावी विज्ञान झालेल्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना बी.ए.एस.एल.पी. हा अभ्यासक्रम ठाऊक असतो? वाचा आणि श्रवण या विषयांची ही पदवी आहे : तीन वर्षे अध्ययन व एक वर्ष प्रत्यक्ष काम, आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे शिक्षण मिळते. डॉक्टर-इंजिनिअर यांपलीकडे न पाहणाऱ्या पालकांनी या वाटेचा विचार करावा. कारण तालुक्याच्या गावी मराठीत, बोलीत काम करणारे तज्ज्ञ हवे आहेत.

तज्ज्ञाकडे जाईपर्यंत पालकांनी एक दोनशे पानी वही घालावी. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात तो समजल्याची तारीख, तिसऱ्यात खूण केल्याची आणि चौथ्यात तोंडाने बोलल्याची. उच्चार कसाही असो, 'पाणी'ला 'पा' म्हटले तरी नोंद करावी. चौथा रकाना बराच काळ रिकामा राहील, पण दुसरा आणि तिसरा भरत जातात. शब्दांची संख्या शंभराच्या आसपास गेली की दोन शब्द जोडण्याकडे लक्ष द्यावे : 'आई ये', 'दूध संपले'. तपासणीस जाताना ही वही बरोबर न्यावी. दहा मिनिटांच्या भेटीत मूल अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही, तेव्हा त्याला काय काय येते हे या वहीवरून तज्ज्ञाला कळते.